शेवटी येणाऱ्याचा हक्क

प्रश्न : आमचा मुलगा नोकरीनिमित्त फिनलंडमधील एस्पो शहरात राहतो. येत्या सप्टेंबरमध्ये तो आम्हा दोघांना (माझे वय 63, पत्नीचे 60) लॅपलंडच्या रानातील एका लाकडी झोपडीत एका रात्रीच्या मुक्कामाला नेणार आहे. तेथे वीज नाही, नळ नाही, राखणदार नाही आणि दाराला कुलूपही नाही, असे तो सांगतो. तरुणपणी आम्ही हरिश्चंद्रगडावरच्या गुहेत झोपलेलो आहोत, त्यामुळे अंधाराची भीती नाही. परंतु रात्री अनोळखी माणसे आली तर काय करायचे, पाण्याची व शौचाची सोय कशी असते, आणि या वयात ती थंडी सोसेल का?
— एक वाचक, सातारा

उत्तर : आपला मुलगा सांगतो ते खरे आहे. अशा झोपडीला फिनिश भाषेत ‘आऊतिओतुपा’ म्हणतात. तिची देखभाल मेट्साहॅलितुस ही सरकारी वनसंस्था करते, मुक्कामाला भाडे नसते आणि आगाऊ नोंदणीही होत नाही. एक, फार तर दोन रात्री राहून पुढे निघावे, अशी अपेक्षा असते. आपल्या पहिल्या शंकेचे उत्तर मात्र आपल्याकडच्या सवयीच्या अगदी उलट आहे. तेथे जागेवर पहिला हक्क सर्वांत शेवटी येणाऱ्याचा असतो. जो दुपारीच पोहोचला, जेवला, ज्याने पाय शेकले, त्याने झोपडी भरली तर रात्री नऊला भिजून आलेल्यासाठी सरकून बसायचे, आणि अगदीच जागा उरली नाही तर स्वतःचा तंबू घेऊन बाहेर पडायचे. रुमाल टाकून जागा धरण्यात हयात गेलेल्या आपल्यासारख्यांना हे पचायला वेळ लागतो. म्हणूनच झोपडीत जागा मिळेल असे गृहीत धरू नये आणि मुलाच्या पाठीवर तंबू असावाच.

आपल्या दोघांसाठी मी थोडा वेगळा मार्ग सुचवीन. याच झोपड्यांच्या शेजारी काही ठिकाणी ‘वाराउस्तुपा’ म्हणजे नोंदणी करून, पैसे भरून व किल्ली घेऊन राहण्याची झोपडी असते. वीज आणि नळ तेथेही नाहीत, पण झोपायची जागा नक्की असते. पल्लास-यल्लास राष्ट्रीय उद्यानात हेट्टा ते पल्लास ही सुमारे 55 किलोमीटरची प्रसिद्ध पायवाट आहे. ती पूर्ण करण्याचा हट्ट धरू नये. पल्लासच्या बाजूने जाऊन एका मुक्कामानंतर त्याच वाटेने परत यावे. हेलसिंकीहून कोलारीपर्यंत रात्रीची रेल्वे जाते आणि पुढचा प्रवास रस्त्याने होतो. नकाशावर ‘पाइवातुपा’ असे लिहिलेले दिसले तर ती केवळ दिवसा विसाव्याची जागा आहे हे ध्यानात ठेवावे. संकट ओढवल्याखेरीज तेथे रात्र काढता येत नाही.

थंडीविषयी सविस्तर लिहितो, कारण खरी परीक्षा तेथेच आहे. सप्टेंबरमध्ये रानाला तांबडा-पिवळा रंग चढतो, डासांचा त्रास जवळजवळ संपलेला असतो, पण रात्री पारा शून्याखाली जाऊ शकतो. झोपडीत लोखंडी किंवा दगडी शेगडी, लाकडाची खोली, कुऱ्हाड आणि करवत असते. झोपायला उघड्या फळ्यांचा लांब ओटा असतो, त्यावर गादी बहुधा नसते, म्हणून जाड चटई व शून्याखालच्या थंडीला पुरेल अशी झोपण्याची पिशवी सोबत हवी. शेगडी पेटवणे ही एक कला आहे. माझ्या पहिल्या मुक्कामात मी जाडजूड ओंडका कागदावर ठेवून काड्यांमागून काड्या ओढल्या, खोली धुराने भरली आणि सगळ्यांचे डोळे चुरचुरू लागले. कोपऱ्यात बसलेले एक वृद्ध गृहस्थ काही न बोलता उठले, त्यांनी सुक्या लाकडाची बोटभर जाडीची चीप घेतली आणि चाकूने तिच्या कडेला एकामागून एक पातळ साली काढल्या, मात्र तोडल्या नाहीत. चीप फुललेल्या तुऱ्यासारखी दिसू लागली. तिच्याखाली त्यांनी भूर्जाची साल ठेवली. आपल्याला भूर्जपत्र पोथ्यांमुळे ठाऊक आहे. त्या सालीत तेलकट अंश असल्याने ती ओलसर असली तरी पेट घेते. एका काडीत काम झाले.

धुराड्याला झडप असेल तर शेगडी पेटवण्यापूर्वी ती उघडावी, आणि ऊब टिकवण्याच्या मोहाने निखारे धगधगत असताना ती कधीही बंद करू नये, कारण निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो आणि झोपलेल्या माणसाला तो जागे करत नाही. या बाबतीत कोणाचीही भीड बाळगू नका.

पाणी जवळच्या ओढ्यातून किंवा तळ्यातून आणावे लागते. ते स्वच्छ दिसले तरी उकळून प्यावे. भांडी त्या पाण्यात न धुता काठापासून दूर धुवावीत. शौचालय झोपडीपासून थोडे दूर, कोरडे असते. वापरानंतर शेजारच्या डब्यातील भुसा किंवा सालीचा चुरा वरून टाकायचा असतो. पाणी वापरण्याची आपली सवय तेथे अडचणीची ठरते, तेव्हा कागद घरूनच न्यावा आणि रात्रीसाठी डोक्याला बांधायचा दिवा उशाशी ठेवावा. कचऱ्याचा डबा कोठेही नसतो. चिवड्याची पिशवीसुद्धा परत पाठीवर येते.

निघण्यापूर्वी राख पूर्ण थंड असल्याची खात्री करून ती ठरवून दिलेल्या ठिकाणी टाकावी, जमीन झाडावी, आणि आपण जाळली तेवढी लाकडे फोडून, बारीक चिपांसह, शेगडीजवळ रचून ठेवावीत. पुढचा माणूस गारठलेल्या बोटांनी येणार असतो. त्याच्याने त्या वेळी कुऱ्हाड धरवेलच असे नाही. पत्नीची गुडघेदुखी वगैरे असेल तर हे काम मुलाकडे सोपवावे, पण टाळू नये.

मोबाईलला सगळीकडे संपर्क मिळत नाही. आपत्कालीन क्रमांक 112 आहे. त्याचे फिनिश अ‍ॅप फोनवर असेल तर त्यातून कॉल केल्यावर आपले ठिकाण मदत केंद्राला कळते, ते मुलाकडून आधीच घालून घ्यावे. शिवाय प्रत्येक झोपडीत एक वही असते. तिच्यात तारीख, किती माणसे आहेत आणि पुढे कोठे जाणार ते अवश्य लिहावे. मनातले दोन शब्द मराठीत लिहायला हरकत नाही, परंतु पुढच्या मुक्कामाचे नाव रोमन लिपीत लिहा. आपला शोध घ्यायची वेळ आलीच, तर ती वही उघडणारा माणूस सातारचा नसेल.