क्लेम आला म्हणून व्हिडिओ उडवू नकोस

भावा, बेळगावच्या शिवजयंती चित्ररथ मिरवणुकीचा व्हिडिओ फार मनापासून केलायस, तो काढू नकोस. यूट्यूबवर तुला आलाय तो कॉन्टेंट आयडीचा, म्हणजे दुसऱ्याचं गाणं आपोआप ओळखणाऱ्या यंत्रणेचा क्लेम; स्ट्राइक, म्हणजे कॉपीराइट मोडल्याचा ठपका, नव्हे. क्लेममध्ये बहुतेक वेळा जाहिरातीचे पैसे गाण्याच्या मालकाकडे जातात, एवढंच. स्ट्राइकला मात्र जप. 90 दिवसांत 3 झाले तर चॅनेल बंद होऊ शकतं.

आपल्याकडे खरा घोळ होतो तो मागच्या आवाजाचा. कॅमेरा ढोल-ताशावर आणि मागे डॉल्बीवर सिनेमाचं गाणं! 'शूटिंग माझं आहे' हे तिथे चालत नाही. अभंगाचंही तसंच. तुकोबांचे शब्द सगळ्यांचे, पण कंपनीचं रेकॉर्डिंग कंपनीचं. 1957 च्या कायद्यानं ध्वनिमुद्रणाचा हक्क प्रकाशनानंतर 60 वर्षं राहतो. त्यापेक्षा खानापूरकडच्या एखाद्या भजनी मंडळाला विचारून पारंपरिक चालीतला अभंग रेकॉर्ड कर, आणि मंडळाचं नाव ठळक दे.

आत्ता यूट्यूब स्टुडिओत जाऊन गाण्याचा तेवढा तुकडा म्यूट कर. हक्क खरंच तुझा असेल तरच डिस्प्यूट, म्हणजे क्लेमवर हरकत, टाक. समोरच्याला उत्तराला 30 दिवस असतात. क्लेम आल्यापासून 5 दिवसांत टाकलास तर पहिल्या दिवसापासूनची कमाई राखून ठेवतात. खोटा डिस्प्यूट अंगाशी येतो.

राजहंसगडाचा तुझा व्हिडिओ दुसऱ्यानं उचललाय, त्याचा मला जास्त राग आलाय. तो हटवायची विनंती तू स्वतः करू शकतोस. मूळ फुटेज पुसू नकोस. रात्री फोन कर, अर्ज मिळून भरू.