दुखत नाही, म्हणून थांबायचं का?

प्रश्न : मणक्याच्या इजेमुळे माझ्या यजमानांना छातीपासून खाली संवेदना नाही. माकडहाडाजवळ काळी, कडक खपली धरली आहे. वास येतो, पण त्यांना दुखत नाही. संध्याकाळी ताप येतो, कधी कधी डोकं ठणकतं आणि कपाळावर घाम सुटतो. खपली आपोआप पडेपर्यंत थांबावं का?

उत्तर : ताई, थांबू नका. आजच डॉक्टरांना दाखवा. हा बेडसोर दिसतोय, म्हणजे एकाच जागी भार पडून झालेली जखम. वरची काळी खपली म्हणजे मेलेली कातडी, आणि खाली किती खोल गेलंय ते वरून कळत नाही. ड्रेसिंग करताना मी पाहिलंय, वरचं तोंड लहानसं आणि आत बोट जाईल एवढी पोकळी, तळाशी हाड. घरी मात्र ती ओढून काढू नका. (टाचेवरची कोरडी, घट्ट खपली डॉक्टर कधी कधी मुद्दाम तशीच ठेवतात. तुमची जागा वेगळी आहे आणि वासही येतोय.)

दुखणार कसं? संवेदनाच नाही. जंतू हाडात शिरले की कित्येक आठवडे अँटिबायोटिक्स द्यावी लागतात, कधी हाडाचा भागही काढावा लागतो. रक्तात पसरले तर सेप्सिस, म्हणजे संसर्गामुळे जिवावर बेतणं. थंडी वाजून ताप, बरळणं, धाप, लघवी कमी होणं यांपैकी काहीही दिसलं तर रात्र असो की पहाट, थेट हॉस्पिटल गाठा. मानेखाली सगळं शरीर लुळं पडलेले अभिनेते ख्रिस्तोफर रीव्ह 2004 मध्ये गेले, तेव्हा त्यांच्यावर अशाच जखमेतून झालेल्या संसर्गाचे उपचार चालू होते. पैसा, माणसं, कशाचीच कमी नव्हती.

मला जास्त खटकलं ते डोकं ठणकणं आणि घाम. सहाव्या छातीमणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल, तर खालच्या जखमेमुळे किंवा तुंबलेल्या लघवीमुळे बीपी एकदम भडकतो. अशा वेळी त्यांना उठवून बसवा, कपडे सैल करा, लघवीची नळी (कॅथेटर) मुडपली आहे का बघा आणि बीपी मोजा. तो चढलेला असेल आणि लगेच उतरला नाही, तर तातडीने हॉस्पिटल.

त्या जागेवर भार देऊ नका. एअर बेड असला तरी कूस बदलावीच लागते, साधारण दर दोन तासांनी. मध्ये भोक असलेली रबरी रिंग काढून टाका, तिच्या कडेने रक्तपुरवठा आणखी तुटतो. जखमेत स्पिरिट, हायड्रोजन पेरॉक्साइड ओतू नका. आणि डॉक्टरांकडे जाल तेव्हा घोटे, टाचा, दोन्ही खुबेही उघडून दाखवा.