मनगट जुळलं, भीती तशीच

प्रश्न : आई ६७ वर्षांची. चार महिन्यांपूर्वी न्हाणीघरात घसरली, हात टेकला नि मनगट मोडलं. हाड जुळलं, पण आता ती जिना उतरत नाही, भिंत धरून चालते. वय झालं म्हणून सोडून द्यायचं का?

उत्तर : मुळीच नाही. नुसतं उभ्याउभ्या पडून हाड मोडलं, तर हाडंच ठिसूळ झाली आहेत का ते पाहायलाच हवं. रजोनिवृत्तीनंतर इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटतं आणि हाड भरून येण्यापेक्षा झिजतं जास्त. हाडांची घनता मोजणारी डेक्सा तपासणी करा. तिच्यातला टी-स्कोअर, म्हणजे निरोगी तरुण हाडांशी तुलना करून काढलेला आकडा, उणे २.५ किंवा त्याखाली आला तर ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होण्याचा आजार. त्याहून बरा आला तरी डॉक्टरांना मोडलेल्या मनगटाबद्दल आवर्जून सांगा. पुढचा धोका खुब्याचा आणि मणक्यांचा असतो, आणि त्यावर औषधं आहेत.

भीतीचं मात्र गोळीने भागत नाही. माझ्या आईच्या खोलीत भिंतीवर तळव्याच्या उंचीवर काळपट पट्टा उमटला होता. तो पाहिला तेव्हा मला कळलं, ती किती घाबरली आहे. फिजिओथेरपिस्टने तिला हात न टेकता खुर्चीतून उठायला शिकवलं, रोज थोडं थोडं. न्हाणीघरात पकडायला दांडा आजच बसवा. आणि जिन्यावर तुमच्या आईला ‘सांभाळून’ म्हणण्याऐवजी एक पायरी पुढे राहून सोबत उतरा.