मेलानोमाचं ‘मूळ’ आणि रिपोर्टातली जाडी

प्रश्न : वडिलांच्या (वय 61) टाचेला काळा डाग होता. कुरूप समजून गावात दोनदा ब्लेडनं कोरला. आता बायोप्सीत मेलानोमा (त्वचेचा एक कॅन्सर) निघालाय; ब्रेस्लो जाडी (गाठ किती खोल गेली ते माप) 3.2 मिमी, अल्सरेशन (गाठीवरची कातडी फुटणं) आहे. एकजण म्हणतो, कॅन्सरच्या स्टेम सेल मारणारं औषध घेतलं की गाठ मुळासकट जाते. द्यावं का? — एक वाचक, परभणी

उत्तर : देऊ नका. मेलानोमातल्या स्टेम सेल मारणारं मान्यताप्राप्त औषध आज नाही.

गाठीतल्या मोजक्याच पेशी, म्हणजे स्टेम सेल, नवी गाठ उभी करतात, ही कल्पना रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये बरीच लागू पडते. मेलानोमातही आधीच्या प्रयोगांत उंदरात टोचलेल्या दहा लाखांतली जेमतेम एक पेशी रुजत होती. मिशिगनच्या शास्त्रज्ञांनी 2008 मध्ये प्रतिकारशक्ती आणखी कमी असलेले उंदीर घेतले, वाटही जास्त काळ पाहिली, तेव्हा साधारण चारातली एक रुजली. म्हणजे हे हरळीसारखं आहे : एकच मूळ खणून भागत नाही, कुठलीही कांडी फुटते. शिवाय या पेशी रूप बदलतात. भराभर वाढणारी पेशी मंदावते, औषधातून तगते आणि नंतर पुन्हा वाढीला लागते.

गाठ किती आक्रमक, हे तुमच्या हातातला रिपोर्टच सांगतो. 3.2 मिमी आणि अल्सरेशन म्हणजे टी3बी : जाडीच्या चार गटांतला तिसरा, आणि ‘बी’ म्हणजे अल्सरेशनसह. जाडी वरच्या थरापासून खोलातल्या शेवटच्या पेशीपर्यंत मोजतात. ब्लेडनं वरचा भाग गेला असेल, तर खरी जाडी याहून जास्त असू शकते. कोरल्याचं पॅथॉलॉजिस्टला आवर्जून सांगा.

आता घाई हवी ती ऑपरेशनची, पण क्रम चुकवू नका. डागाभोवती 2 सेंमी कातडी काढतात. टाचेवर बहुधा दुसरीकडची त्वचा लावावी लागते. जांघेत गाठ हाताला लागत नसेल, तर सेंटिनल नोडची (गाठीकडून निघालेली लसिका, म्हणजे शरीरातला पातळ द्रव, जिथे सर्वात आधी पोचतो त्या ग्रंथीची) तपासणी त्याच वेळी करायला सांगा. आधी मोठा भाग काढला, तर लसिकेच्या वाटा बदलतात आणि नेमकी ग्रंथी सापडणं अवघड होतं. गाठ लागत असेल, तर आधी सुईनं तपासणी. छत्रपती संभाजीनगरच्या शासकीय कर्करोग रुग्णालयात जाताना नुसता कागद नेऊ नका. लॅबमधून मेणाचा ब्लॉक (बायोप्सीचा तुकडा ज्यात जपलेला असतो तो) आणि स्लाइड मागून घ्या. बीआरएएफ आणि केआयटी या जनुकांची तपासणी त्याच ब्लॉकवर होते.

प्रश्न : पायाच्या अंगठ्याच्या नखात काळी उभी रेघ आहे. कॅन्सर असेल? — एक वाचक, बीड

उत्तर : सावळ्या माणसांच्या अनेक नखांत अशा रेघा असतात, त्या बहुधा निरुपद्रवी. एकाच नखात असेल, 3 मिमीहून रुंद असेल, रुंदावत असेल किंवा काळपट रंग नखाशेजारच्या कातडीवर उतरला असेल, तर लगेच त्वचारोगतज्ज्ञाला दाखवा. ठेच लागून साकळलेलं रक्त नखाबरोबर पुढे सरकतं. रेघ मात्र नखाच्या मुळापासून सलग असते. बायोप्सीही त्या मुळातूनच घ्यावी लागते, नुसतं नख कापून दिल्यानं निदान होत नाही.