मॉरिसच्या वह्या वाचताना

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझ्या प्रबंधाचा मसुदा काल वाचून संपवला. लंडनचा व्यापारी हम्फ्री मॉरिस हा विषय तू घेतलास याचा मला आनंद आहे. परंतु त्याने पोटच्या मुलींचा वारसा बुडवल्याची हकिकत मसुद्यात इतकी पुढे आली आहे, की ज्यांच्या खरेदी-विक्रीवर त्याचा व्यापार चालला ती माणसे तळटीपांत गेली आहेत. हा क्रम बदलावास, असे मला मनापासून वाटते.

मॉरिस 1727 ते 1729 या काळात बँक ऑफ इंग्लंडचा गव्हर्नर होता, आणि त्याच वर्षांत त्याची जहाजे पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर माणसे विकत घेत होती. त्या जहाजांना त्याने बायकोमुलींची नावे दिली होती: कॅथरिन, ज्युडिथ, सारा. यावर तू एकच ओळ लिहिली आहेस. ज्या नावाने घरात लेकीला हाक मारायची, तेच नाव माणसे कोंडून नेणाऱ्या जहाजावर रंगवताना या माणसाचा हात अडखळला नाही. याला निदान एक परिच्छेद दे.

कप्तानांना त्याने दिलेल्या सूचनाही पुन्हा वाच. एका स्त्रीमागे दोन पुरुष घ्यावेत, वय 12 ते 25 असावे, स्कर्व्ही हा रोग टाळण्यासाठी लिंबे खरेदी करावीत. या लिंबांना तू माणुसकी म्हटले आहेस. तो शब्द कृपा करून खोड. विक्रीपूर्वी माल मरू नये, याची ती तजवीज होती.

आणखी एक धागा आपल्याकडचा आहे. पश्चिम आफ्रिकेतील व्हिडाच्या बंदरात गुलामांच्या मोबदल्यात ज्या कवड्या मोजल्या जात, त्या मालदीवमधून निघून बहुधा हिंदुस्थानमार्गे युरोपात आणि तेथून आफ्रिकेत पोहोचत. 'कवडीमोल' हा शब्द आपण सहज उच्चारतो. तेथे माणसाचा भाव खरोखरच कवड्यांत ठरत असे.

1731 मध्ये मॉरिस वारला तेव्हा त्याच्यावर सुमारे दीड लाख पौंडांचे कर्ज होते. खोट्या हुंड्या वटवून त्याने बँकेला जवळजवळ 29,000 पौंडांना फसवले होते आणि मुलींसाठी विश्वासाने ठेवलेला पैसाही वापरला होता. बँक पुढे अनेक वर्षे त्याच्या विधवेशी कोर्टात भांडली. मुलींवर अन्याय झाला हे खरेच, आणि तो तू नीट मांडला आहेस. पण येणेकऱ्यांची यादी लिहिशील तेव्हा त्या जहाजांतून विकल्या गेलेल्यांपैकी कोणाचाही दावा तिच्यात नव्हता, हे त्याच पानावर नोंदव.

पहिले प्रकरण मृत्युपत्राऐवजी जहाजावरील माणसांच्या हिशेबाने सुरू कर आणि दिवाळीपूर्वी माझ्याकडे पाठव.