4294967297 ला 2, 3, 5, 7, 11, 13 कशानेच भाग जात नाही. मग ती मूळ संख्या धरायची का?

नाही. 641 × 6700417. झालं उत्तर.

पण या संख्येवरून माझे प्रॅक्टिकलचे मार्क गेलेत, त्यामुळे जरा लांबण लावतो. आमच्या लॅबच्या सरांनी 2 चा 32 वा घात अधिक 1, म्हणजे हीच संख्या, मूळ आहे का ते प्रोग्रॅम लिहून शोधायला सांगितलं. मी आदल्या रात्री वहीत मूळ संख्यांनी ओळीने भाग घालत बसलो होतो, शंभरच्या वर भागाकार झाले, प्रत्येक वेळी बाकी, आणि 641 ला भागाकारात 6, 7 नंतर लागोपाठ दोन शून्यं आली तेव्हा वाटलं कुठेतरी चुकलोच, पण पुढे 4, 1 आणि शेवटी 4487 उरले. 641 सत्ते 4487. बाकी शून्य! दोनदा तपासलं. सकाळी सरांच्या स्वतःच्या प्रोग्रॅमने स्क्रीनवर 'मूळ' असं छापलं आणि सर म्हणाले, कॉम्प्युटर चुकत नसतो, तू चुकलास. वही उघडून बघितलीसुद्धा नाही.

घोळ असा होता की 2 चा 32 वा घात, म्हणजे 65536 गुणिले 65536, हे सरांच्या प्रोग्रॅममधल्या 32 बिटांच्या (0-1 च्या 32 घरांच्या) जागेत मावतच नाही, शून्य उरतो, त्यात 1 मिळवला की तपासायची संख्या n झाली 1. मग वर्गमूळापर्यंत फिरणारं लूप एकदाही फिरलं नाही आणि थेट 'मूळ'. म्हणजे ज्या संख्येबद्दल वाद चालला होता ती मशीनने पाहिलीच नव्हती.

गणितज्ञ फर्मालाही ही मूळच वाटायची, कारण याच साच्यातल्या (2 चा 1, 2, 4, 8, 16 वा घात अधिक 1) 3, 5, 17, 257, 65537 मूळ निघाल्या होत्या. 1732 मध्ये गणितज्ञ ऑयलरने 641 काढून दाखवला, तोही माझ्यासारखी गाढवमेहनत न करता. या संख्येचा कुठलाही मूळ अवयव 64 च्या पटीत 1 मिळवून येतो, म्हणजे तशा मूळ संख्या ओळीने 193, 257, 449, 577, 641, पाचव्यालाच सापडला.

हां, ही युक्ती फक्त असल्या संख्यांनाच चालते. बाकीच्यांना वर्गमूळापर्यंत भाग घाला, नाहीतर मूळ संख्या ओळखायची मिलर-राबिन कसोटी वापरा. नुसती फर्माची कसोटी (पायाच्या n-1 व्या घाताला n ने भागून बाकी 1 येते का बघायचं) 2 पाया घेऊन लावू नका, ही संख्या त्यात पास होते, 3 घेतला की उघडी पडते.

आणि प्रोग्रॅम लिहिणार असाल तर लाँग लाँग (64 बिटांची जागा) घ्या, लूपच्या आधी n छापून बघा. एका ओळीचं काम आहे, सरांनी तेवढं केलं असतं तर समोर 1 दिसला असता.