'सालदार' हा हुद्दा की काम?

वर्धा जिल्ह्यातील एका वाचकाला आजोबांच्या शाळेच्या दाखलखारीज रजिस्टरात, पालकाच्या धंद्याच्या रकान्यात 'सालदार' हा शब्द सापडला. जमीनदार, इनामदार यांच्या चालीवर हे मानाचे पद असावे, असा घरच्यांचा समज आहे. मात्र आजोबांच्या धाकट्या भावाच्या, शेजारच्या गावातील नोंदीत त्याच रकान्यात 'मजूर' लिहिलेले आहे. दोन्ही नोंदींतील पालक एकच असू शकेल काय, अशी त्यांची विचारणा आहे.

असू शकेल. 'साल' आणि '-दार' हे दोन्ही फारसीतून आलेले आहेत. '-दार' म्हणजे धारण करणारा, आणि जमीनदार, इनामदार हे शब्द त्याच अर्थाने बनले. परंतु मराठीने हा प्रत्यय कामाच्या मुदतीलाही जोडला. रोजाने येणारा तो रोजंदार, महिन्याच्या बोलीवर राहणारा महिनदार आणि एका मालकाकडे वर्षभर बांधलेला तो सालदार. इतरत्र ज्याला सालगडी म्हणतात तोच हा माणूस. वखर, डवरा, तिफन, बैलांचा चारापाणी आणि पीक उभे असताना रात्रीची जागल, एवढे सगळे त्याच्याकडे असे. मोबदला काही रोख, काही ज्वारीच्या रूपात मिळे. शाळेतील गुरुजींनी अशा माणसाला एकदा 'सालदार' आणि एकदा 'मजूर' लिहिले, तर त्यात विसंगती नाही. मधल्या काळात त्याची सालदारकी सुटून तो रोजाने जाऊ लागला असणेही शक्य आहे.

गावे वेगळी का, याचे उत्तरही याच शब्दात आहे. विदर्भात सालदाराचे वर्ष सहसा गुढीपाडव्याला सुरू होते. बोली जमली तर तो त्याच घरी राहतो, नाही तर दुसरा मालक पाहतो आणि प्रसंगी बिऱ्हाडासह गाव बदलतो. म्हणून अशा कुटुंबातील भावंडांची जन्मगावे वेगळी निघाली, तर त्यावरून लगेच दोन कुटुंबे मानू नयेत. आजूबाजूच्या गावांची कोतवाल बुके, म्हणजे गावातील जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवह्या, तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात पाहावीत आणि मुलाचे नाव, बापाचे नाव, जात हे सर्व जुळवून घ्यावे. सातबाऱ्यावर मात्र भिस्त ठेवू नये, कारण ज्याच्या नावावर जमीनच नव्हती तो तिथे सापडणार कसा?

जात पडताळणीच्या निमित्ताने आज कितीतरी घरांत अशा जुन्या नोंदींच्या नकला आलेल्या आहेत, पण जातीचा रकाना पाहून कागद फाइलमध्ये जातो आणि धंद्याचा रकाना कोणी वाचत नाही, याचे मला मनापासून वाईट वाटते. पणजोबांनी आयुष्यभर काय केले, हे सांगणारा बहुधा तोच एक शब्द असतो.

मालकाचे घर ठाऊक असेल तर जुन्या वह्यांची चौकशी जरूर करावी. वर्धा नदीच्या पूर्वेकडील गावांत 1951 पर्यंत मालगुजारी होती, म्हणजे गावाचा सारा मालगुजार सरकारात भरत असे; पश्चिमेला वऱ्हाडात रयतवारी, म्हणजे शेतकरी आपला सारा थेट सरकारला देत असे; त्यामुळे पूर्वेकडे मालक म्हणून गावचा मालगुजारही निघू शकतो. वही बहुधा मोडीत असेल. तिच्यात पणजोबांच्या नावाखाली 'नावे' म्हणून रक्कम किंवा ज्वारी दिसली, तर ती त्यांची मालमत्ता समजू नये. ती त्यांनी घेतलेली उचल असते आणि सालाच्या हिशेबात ती त्यांच्या मोबदल्यातून वळती होत असे.